चिंधी बांधलेलं कणीस

थंडी आता हवेतून येत नाही, आधी फोनवर येते. दिवाळीचे आकाशकंदील उतरलेले नसतात आणि जाहिराती सुरू होतात. अनलिमिटेड हुरडा, सोबत डीजे. हुरडा, रेन डान्स, बैलगाडी सफारी. एका जाहिरातीत नऊवारी नेसवलेली मुलगी हातात कणीस धरून हसते आहे. कणीस मक्याचं आहे. ही चूक कुणाच्या लक्षात आलेली नाही, किंवा आली असली तरी कुणाचं काही अडलेलं नाही.

परवा ऑफिसच्या खालच्या दुकानात हुरडा पिशवीत मिळाला. हवा काढून बंद केलेली पिशवी, आत एकमेकांना चिकटलेले हिरवट दाणे. उघडल्यावर ओल्या गोणपाटाचा वास आला. चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि कागदात थुंकले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. शिळा आहे, असं सांगितलं. तो शिळा नव्हता. पिशवीवर त्याच दिवसाची तारीख होती.

या किळसेला पत्ता आहे. वाशीम जिल्हा, अनसिंगच्या पुढे जीपने अर्धा तास, मग उतरून मातीचा रस्ता. गावाचं नाव या लेखात नाही. दोन वर्षांपूर्वीच्या लेखात होतं. कसं जायचं, कधी जायचं, याची चौकटही होती.

तो लेख असा झाला. आमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत कुठे जावं याचं एक पान असतं. कोकण लिहून झालं होतं, सह्याद्रीतले घाट तीन-तीनदा लिहून झाले होते, आणि वाचक अजून कुणी न गेलेलं काहीतरी मागत होते. पान लावणारा अनिल मूळचा वाशीमकडचा. तो म्हणाला, "माझ्या मावशीच्या गावाला जा. तिथे काहीच नाही." त्याने हे थट्टेत म्हटलं होतं, पण त्या पानासाठी याहून चांगला मुद्दा नव्हता. चार दिवसांची रजा टाकली, वही घेतली आणि गेले. कागदोपत्री ती सुट्टी होती.

वही अजून आहे. पहिल्या पानावर शब्द आहेत: अनवट, अस्पर्श, निवांत, मायाळू. हे शब्द गावात पोचण्याआधी, एसटीत बसून लिहिलेले आहेत. खिडकीबाहेर सोयाबीन निघालेली काळी रानं होती, त्यांच्या मध्येमध्ये तुरीचे पट्टे उभे होते आणि तुरीला पिवळी फुलं लागली होती. रस्त्याच्या कडेला मळणीयंत्र चालू होतं. त्याच्या तोंडातून उडणारं सोयाबीनचं कुटार गाडीत शिरत होतं, घशात बसत होतं. शेजारच्या बाईने पदर तोंडावर घेऊन सांगितलं, "काच लावा वो बाई, मरसान खोकून." फुलांची नोंद वहीत आहे. कुटाराची आणि त्या बाईची नाही.

अनिलची मावशी म्हणजे वच्छलाबाई. साठी ओलांडलेल्या, बारीक, चालताना एका पायावर किंचित भार देणाऱ्या. त्यांचे यजमान सुखदेवराव एसटीत वाहक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी घरात शिरलं की दारातच "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात. दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, पंचरंगी झेंडा आणि टीव्ही, मागच्या पडवीत चूल. सुखदेवरावांच्या वडिलांच्या काळात घर बौद्ध झालं. चार एकर शेत त्याच्याही आधीचं आहे.

शेतात सोयाबीन आणि तूर, सोयाबीन निघाली की हरभरा. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत हेच. फरक एवढाच होता की रस्त्याला लागून, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या कडेने, ज्वारीच्या चार ओळी उभ्या होत्या. पुरुषाच्या डोक्यावरून जाणारी, वाऱ्याला सळसळणारी ज्वारी. तिला तिकडे वाणी म्हणतात. फक्त हुरड्यासाठी लावायची ही जुनी जात. दाणा मऊ आणि गोड, भाजून तळहातावर चोळला की फोलपट आपोआप सुटतं. ती बाजारात जात नाही. सोयाबीन आल्यावर गावात घराघराने वाणी सोडली, वच्छलाबाईंनी सोडली नाही.

"रस्त्याच्या कडेलाच का लावता? येणारे-जाणारे तोडतील," असं त्यांना विचारलं.

"तोडाव म्हूनच त लावली," त्या म्हणाल्या. "बसाव, खाव, जाव. नेऊ नाई फकत. पदरात बांधून नेलं त चोरी. बसून खाल्लं त चोरी नाई."

"आणि कुणी खूपच खाल्लं तर?"

"किती खाईन, ताई? चार कणसात मानूस आडवा होते."

या ओळी त्यांच्या सासूने घातलेल्या होत्या. त्याची गोष्ट वच्छलाबाईंनी आगटीत गोवऱ्या रचताना सांगितली, मान वर न करता. "तवा आमच्या शेतात कोनी बसत नव्हतं. खायची त गोठच सोडा. सासू म्हने, रस्त्याच्या कडीले लाव, आगटी पेटव, वास गेला पायजे गावात. पयले पोट्टे बसले. मंग पोट्ट्याईचे बाप बसले."

"बाप बसले," सुखदेवराव म्हणाले, "पन गावाकडं पाठ करून बसले. कोनी वयखू नाई म्हून."

"बसले ना पन."

"बसले. माह्या बापानं मोजले होते."

दोघंही हसले. "तवापासून हुरडा खायले आलेल्याले या घरातून कोनी नाई म्हनलं नाई," वच्छलाबाई म्हणाल्या आणि निखाऱ्यात कणसं खोचली.

आता आठवतं ते असं. सकाळची थंडी, ओल्या मातीवर पसरलेलं गोणपाट, धुराने चुरचुरणारे डोळे. निखाऱ्यातून काढलेलं कणीस हातात धरवत नाही, म्हणून एका हातातून दुसऱ्यात टाकायचं. वच्छलाबाईंना त्याची गरज नव्हती. त्यांच्या तळहाताला आगीचं काही वाटत नसे. त्या चोळत, फुंकर घालत, आणि हिरवे, कोवळे, वाफाळते दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत ओतत. सोबत जवसाची चटणी आणि गुळाचा खडा. रस्त्याने सायकलवर जाणारा एक माणूस थांबला, धुऱ्यावर बसला, दोन कणसं खाऊन हात झटकून उठला आणि निघून गेला. त्याने विचारलं नाही, आभार मानले नाहीत, आणि कुणाला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही.

ओळींच्या मधल्या भागात काही कणसांना चिंध्या बांधलेल्या होत्या. जुन्या लुगड्याच्या, लाल आणि पोपटी. वच्छलाबाई सकाळी कमरेला चिंध्यांची गुंडाळी खोचून ओळीत शिरत, ज्वारीच्या एकेका ताटाखाली उभ्या राहून कणीस खालून वर न्याहाळत, दाणा कसा बसला आहे ते बघत, आणि दहा-वीस ताटं सोडून एखाद्याला चिंधी बांधत.

"थे बियाचं हाय," त्यांनी सांगितलं. "त्याले कोनी हात लावत नाई."

"पोरंसुद्धा?"

"चोरसुदिक नाई."

चिंधीची कणसं झाडावरच पूर्ण वाळू द्यायची, मग काढून चुलीवर टांगायची. धुराने कीड लागत नाही. पाऊस पडला की तेच दाणे पेरायचे. उरलेलं बी गावातल्या ज्या बाया मागतील त्यांना वाटून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, असा सासूचा दंडक. हल्ली मागायला कुणी येत नव्हतं, तरी त्या नेऊन देत. लोक कोंबड्यांना घालत. या ज्वारीचं बी दुकानात मिळत नाही. त्या गावापुरतं ते त्या चिंध्यांमध्ये होतं, दुसरीकडे कुठे नव्हतं.

हे सगळं वहीत व्यवस्थित टिपलेलं आहे. लेखातही आधी होतं. पण ऐन वेळी पानावर जाहिरात आली आणि लेख कापायचा झाला. तो कापला मीच. सुट्टीच्या पानावर कापण्याची एक रीत आहे. वास, चव, रंग ठेवायचे आणि माहिती काढायची, कारण वाचक तिथे माहितीसाठी आलेला नसतो. दोन वाक्यं गेली. एक, बसून खावं, नेऊ नये. दुसरं, चिंधी बांधलेलं कणीस बियाण्याचं असतं. "इथे कुणी कुणाला अडवत नाही" हे वाक्य राहिलं. ते चांगलं वाक्य होतं.

फोटोखालची ओळ पानावरच्या दुसऱ्या कुणीतरी लिहिली: पाहुण्यांसाठी राखलेलं, चिंधी बांधलेलं कणीस. प्रूफवर ती वाचली. चुकीची आहे हे कळलं. पान छपाईला सोडायला थोडी मिनिटं उरली होती आणि ओळ फोटोच्या रुंदीत नेमकी बसत होती. पानावर सही केली.

गेल्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा अनिल म्हणाला, "मावशी विचारत होती, तू कधी येतेस. यंदा लवकर ये म्हणाली." का, ते त्याला माहीत नव्हतं. गेले.

मातीच्या रस्त्यावर गाड्यांच्या टायरचे खोल चर उमटलेले होते. आधी वास आला. भाजलेल्या ज्वारीचा आणि त्यात मिसळलेला मुताचा. धुऱ्याच्या कडेने थर्माकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि सॉसची फाडलेली पाकिटं पडली होती. हुरडा सॉसबरोबर खाल्ला गेला होता. बाभळीच्या काट्यात एक डायपर अडकून वाऱ्याने फुगला होता. विहिरीत बाटल्या तरंगत होत्या आणि त्यांच्या मधल्या पाण्यावर तेलकट, सप्तरंगी पापुद्रा आला होता. वच्छलाबाई त्या विहिरीचं पाणी पीत. आता गावातल्या नळावरून आणत होत्या.

शेजारच्या शेताच्या मालकाने, गजाननभाऊंनी, आपल्या धुऱ्यावर फाटक बसवलं होतं. आत सिमेंटच्या रंगीत छत्र्या, सिमेंटचा बैल आणि फोटोसाठी हृदयाच्या आकाराची लोखंडी चौकट. ज्वारी संकरित, भाजल्यावर चिवट. ते हात जोडून पुढे आले.

"या या, पत्रकार ताई. तुमी लिवलं अन् आमचं गाव नकाश्यावर आलं."

"नकाशात ते आधीही होतं."

"तवा नकाशात होतं, ताई. आता मोबाइलात हाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमी सांगा जरा वच्छलाबाईले. म्या म्हनलं, बोर्ड लाव, तिकीट लाव. आयकत नाई. फुकटात खाऊ घालते. मंग पब्लिक पयले तिकडंच घुसते, अन् घान करून माह्याकडं येते."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा राग यावा असं त्यात काही नव्हतं, म्हणून त्यांच्या सिमेंटच्या बैलाकडे बघत राहिले. त्याला शिंगं पांढरी आणि ओठ लाल रंगवलेले होते.

रविवारी अकरा वाजता तीन गाड्या आल्या. एका गाडीची डिकी उघडून त्यात ठेवलेला स्पीकर लावला गेला. पोपटांचा एक थवा तुरीवरून उठला आणि परत आला नाही. माणसं चांगल्या घरची होती, हसतमुख होती, वच्छलाबाईंना वाकून नमस्कार करणारी होती. "काकू, हे ऑरगॅनिक आहे ना?" एका तरुणीने विचारलं.

"शेनखताचं हाय, माय."

"ई, शेण," ती म्हणाली आणि ओंजळ पुढे केली.

गॉगल लावलेल्या एका गृहस्थांनी फोनवर आमच्या पानाचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठं केलं आणि ओळींकडे बोट दाखवलं. "ते चिंधीवालं कुठंय? पाहुण्यांसाठी राखलेलं?"

"बाप्पा, थे बियाचं हाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

"असू दे बियांचं. आम्ही कुठे सीडलेस मागतोय?"

सगळे हसले. त्यांची बायको त्यांना हाताने ढकलत हसली. मी पुढे होऊन सांगितलं की ही कणसं पुढच्या पेरणीसाठी ठेवलेली आहेत, ती तोडायची नसतात. गृहस्थांनी शांतपणे फोन समोर धरला. "मॅडम, पेपरात आलंय." लेखाखालचं नाव त्यांच्या अंगठ्याखाली झाकलेलं होतं. ते कुणाचं आहे हे त्यांना सांगितलं नाही.

वच्छलाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्या पाहुण्यांकडे वळल्या. "घ्या. पन दोनच घ्या."

दोन घेतली गेली, मग दुसऱ्या गाडीतल्यांनी दोन घेतली, मग कुणी मोजलं नाही. एका बाईने चिंधी सोडून मनगटाला बांधली आणि हात उंच धरून फोटो काढून घेतला. दोन मुलांनी कणसांची तलवारबाजी केली. दाणे अजून दुधात होते, मारल्यावर फुटून पांढरा चीक उडत होता आणि मुलांच्या तोंडावर बसत होता. कुणीतरी दहा-बारा ताटं मुळापासून उपटून त्यांचा गुच्छ केला आणि डिकीत स्पीकरशेजारी ठेवला. घरी फुलदाणीत छान दिसेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुखदेवराव बायकोजवळ गेले. "अव, तू नाई काहून म्हनत नाईस?"

"हुरडा खायले आलेल्याले?"

"थे खायले नाई आले. थे न्याले आले."

"खाऊन त राह्यले ना," त्या म्हणाल्या. त्या वाक्यात पटवून देण्याचा सूर नव्हता. अडकलेल्या माणसाचा होता. खाणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि नेणारा चोर, हे दोन नियम त्या रस्त्यावर इतकी वर्षं एकमेकांना न अडता चालले होते. खाता-खाता नेणारा माणूस त्यांच्या सासूने बघितला नव्हता.

ते लोक गेल्यावर जागा बघवत नव्हती. आगटीच्या राखेत थुंकलेला, अर्धवट चावलेला हुरडा पडला होता आणि त्यावर मुंग्या आल्या होत्या. लाल-पोपटी चिंध्या राखेत, सॉसमध्ये, पायाखाली. वच्छलाबाई खाली वाकून एकेक चिंधी उचलत होत्या, झटकत होत्या आणि पदरात टाकत होत्या. मी मदतीला वाकले तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं. "राहू द्या ताई. घान हाय."

ओळींत चिंधीची चार कणसं राहिली होती. पुढच्या रविवारी तीही गेली, असं अनिलने सांगितलं. त्या वर्षी चुलीवर एकही कणीस टांगलं गेलं नाही.

पुरवणीत त्या महिन्यात, लेख वाचून तिकडे जाऊन आलेल्या वाचकांची पत्रं आली. सगळी कौतुकाची. एका वाचकाने लिहिलं होतं की अशा दुर्लक्षित भागाचा शोध घेतल्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. दुर्लक्षित हा शब्द पुरवणीत आम्ही दर रविवारी वापरतो. तो वाचला की दया दाखवल्यासारखं वाटतं. त्या गावाकडे कुणाचं लक्ष नव्हतं तोवर एक बाई चार ओळींतून वीस कणसं निवडत होती आणि शेकडो माणसं बाकीच्यांतून खाऊन जात होती. लक्ष गेलं आणि एका हंगामात ते संपलं. शोधाचा एवढा हिशेब समोर असताना त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

उन्हाळ्यात फोन केला. वच्छलाबाई बी शोधत फिरत होत्या. रिसोडकडे दिलेल्या लेकीकडे जाऊन आल्या होत्या.

"लग्नात तिले बी देल्लं होतं मी, गाठोडं बांधून," त्या म्हणाल्या. "म्हने, सापडत नाई. कुकरात शिजवलं असंन तिनं. दिसते गरीब, पन खादाड हाय पोट्टी." रिसोडच्या दुकानांतही त्यांनी विचारलं होतं. दुकानदाराने वाणी हे नावच पहिल्यांदा ऐकलं होतं.

अपराधी माणूस वस्तू पाठवतो. पुण्यात एका दुकानात हुरड्याच्या ज्वारीचं पाकीट मिळालं, त्यावर खास हुरड्यासाठी असं छापलेलं. ते अनिलच्या हाती पाठवलं. परत आल्यावर त्याने जे झालं ते सांगितलं. मावशीने पाकीट फोडून दाणे तळहातावर घेतले. दाण्यांना औषध चोळलेलं होतं, गडद गुलाबी. पाकिटावर कवटीचं चित्र होतं. तिने दाणे परत पाकिटात भरले, हात दोनदा धुतले आणि म्हणाली, "हे चाखता येत नाई, त हे हुरड्याचं कसं?" पाकीट अजून तिच्या गोठ्यात खुंटीला लटकलेलं आहे.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा विचारलं, "हे सगळं लिहू का? लोकांनी काय केलं ते?"

"काय लिवसान?"

"बियाणं गेलं. ते परत मिळत नाही."

त्या म्हणाल्या, "मंग लोक बियानं पाह्याले येतीन."

मृगाच्या पावसानंतर अनिलने बातमी आणली. वाशीममधल्याच मालेगावजवळच्या एका खेड्यात मावशीच्या माहेरची एक म्हातारी नातेवाईक निघाली. तिच्या चुलीवर दोन कणसं होती, काळी पडलेली, एक किडीने अर्धं खाल्लेलं. एसटी, जीप आणि शेवटी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून मावशी तिथे गेली आणि मूठभर दाणे पदराच्या गाठीत बांधून आली. वाटेत तिने पदर एकदाही सोडला नाही, जीपमध्ये उकडत होतं तरी. उगवण होईल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

यंदा दिवाळी झाली आणि पुरवणीच्या बैठकीत वाशीमच्या पानाचा विषय निघाला. ते पान खूप वाचलं गेलं होतं, त्याचा पुढचा भाग करू, असं ठरत होतं. तिथे आता काही नाही, असं मी सांगितलं. विषय हुरडा सोडून स्ट्रॉबेरीकडे गेला. त्याच आठवड्यात अनसिंगला उतरले. वही घेतली नव्हती.

धुऱ्याच्या कडेला ज्वारी नव्हती. हरभरा थेट रस्त्यापर्यंत आलेला, गुडघ्याच्याही खाली, पानांवर दव. त्यातून चालताना पायांना आंब लागली, कातडी चुरचुरली. हरभऱ्याच्या पानावरचं पाणी आंबट असतं, ते बोटावर घेऊन चाटायची तिकडच्या बायांना सवय आहे. गजाननभाऊंच्या फाटकात गाडी उभी होती आणि आत गाणी लागली होती. "वच्छलाबाईनं यंदा लावलीच नाई," ते हात पुसत म्हणाले. "बरं झालं, एका जागी धंदा आला." त्यांच्या आगटीवर कणसं करपत होती. करपलेल्या संकरित ज्वारीला जळक्या कागदासारखा वास येतो. मी तिथून निघून वच्छलाबाईंच्या घराकडे गेले.

"पुढं सरका, पुढं सरका," सुखदेवराव म्हणाले. वच्छलाबाई चुलीजवळ होत्या. त्यांनी चहा ठेवला. वर आढ्याला काहीच टांगलेलं नव्हतं, पण कणसं उतरायला अजून वेळ होता.

"बी मिळालं, असं अनिल म्हणाला."

"भेटलं."

"उगवलं?"

"उगवलं ना. आर्धं उगवलं."

"कुठे लावलं?"

त्यांनी फुंकणी उचलली आणि विस्तवावर दोनदा फुंकर घातली. सुखदेवराव दाराबाहेर बघू लागले.

"च्यात साखर पुरली का, ताई?"

"पुरली."

"तुमाले नाई सांगत," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "तुमी वाईट मनानं नाई लिवलं. मले मालूम हाय थे. पन तुमाले नाई सांगत."

"चाळीस वर्सं झाली," सुखदेवराव म्हणाले, "पयल्यांदा आयकून राह्यलो हिच्या तोंडून नाई."

"तुमाले त रोज म्हनते. तुमी आयकत नाई."

तिघंही चहा प्यायलो. त्यांनी ताटलीत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ दिला. हुरडा विचारला नाही, मीही मागितला नाही. मग त्यांनी अनिलच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मी माहीत होतं तेवढं सांगितलं. निघताना त्या दारापर्यंत आल्या. "या," म्हणाल्या. पुढच्या हंगामात या, असं नाही म्हणाल्या.

जीप भरल्यावर सुटली. मागच्या बाकावर खिडकीकडची जागा मिळाली होती. दोन्ही बाजूंनी तूर, यंदा चांगली वाढलेली, माणसाच्या खांद्याइतकी. हात मांडीवर होते आणि डोळे काम करत होते. वीस वर्षांच्या बातमीदारीत त्यांना हेच शिकवलेलं आहे. कुठलं शेत रस्त्यापासून लांब आहे, कुठे जाणं अवघड आहे, कुणाचा राखणीचा माळा उगाच शेताच्या मध्यभागी आहे, वाणी तुरीपेक्षा उंच जाते, तेव्हा शेंडे कुठे दिसायला हवेत. ओढा ओलांडल्यावर डावीकडे, तुरीच्या बरंच आत, तुरीहून उंच असं काहीतरी वाऱ्याने हललं. त्यावर चिंधीचा रंग आहे की नाही ते दिसायच्या आत मान वळवली आणि अनसिंग येईपर्यंत ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसले.